निळं झाकण, पांढरं झाकण

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ही वही. हॉस्पिटलने एक वही दिलीच आहे, पण ती त्यांची. तिच्यात रोज चौकोन भरायचे. वेदना दहापैकी किती, झोप किती, भूक किती. आख्खा माणूस चौकोनात मावत नाही. ही वही खाजगी. कोणी वाचणार नाही, त्यामुळे इथे खोटं लिहायची गरज नाही.

थोडक्यात हकीकत, पुढेमागे मलाच लागली तर. सहा महिन्यांपूर्वी डाव्या बरगड्यांवर नागीण उठली. फोड गेले, आग राहिली. शर्ट घासला तरी कोणी गरम इस्त्री फिरवतंय असं वाटतं. गोळ्या झाल्या, मलमं झाली. शेवटी बायकोने ही चाचणी शोधून काढली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, त्यामुळे तिला सगळं आधी कळतं, निदान तिला तसं वाटतं.

चाचणी अशी. गांजाच्या झाडातल्या द्रव्यांचे थेंब. जिभेखाली, सकाळ-संध्याकाळ. चार आठवडे एक बाटली, दोन आठवडे सुट्टी, मग चार आठवडे दुसरी बाटली. एकीत खरं औषध, दुसरीत नुसतं तेल. कुठलीत काय ते डॉक्टरलाही माहीत नाही, नर्सलाही नाही.

मला कळेल. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. बंद घड्याळ नुसतं कानाला लावून बिघाड सांगतो. स्वतःच्या डोक्यातला सांगता येणार नाही?

डॉक्टर तरुण आहे, दाढी आहे, समजावून सांगायची हौस आहे. म्हणाला, मेंदूतल्या पेशींवर बारीक बारीक कुलपं असतात. त्यांच्या किल्ल्या मेंदू स्वतःच बनवतो, गरजेपुरत्या, आणि काम झालं की मोडून टाकतो. या झाडातल्या द्रव्याची किल्ली त्याच कुलपांना लागते, पण ती लवकर मोडत नाही. कुलपं आठवणीच्या खोलीत आहेत, भुकेच्या आहेत, भीतीच्या, तोल सांभाळायच्या, वेळ मोजायच्या. म्हणून माणूस विसरतो, खातो, हसतो, कधी उगाच घाबरतो, आणि पाच मिनिटं त्याला पंधरा वाटतात.

मी म्हणालो, घड्याळजीला वाटणार नाहीत. डॉक्टरने ते लिहून घेतलं.

४ फेब्रुवारी

निळ्या झाकणाची बाटली. चव पुदिन्याची, मागून कडवट. सुरुवात तीन थेंबांनी, हळूहळू वाढवायचे. चाचणीभर गाडी चालवायची नाही. दुकानात बायको स्कूटरवर सोडणार.

परिणाम: शून्य.

संकल्प: एक, रोज स्वतःचं बारीक निरीक्षण. दोन, मोजून जेवण. तीन, मनाला फसू द्यायचं नाही.

६ फेब्रुवारी, सकाळी

आठ थेंब. काही नाही. वेदना सातवरून पाचवर, पण ते हवामानामुळे. नर्स दर दोन दिवसांनी फोन करते. मला 'काका' म्हणते. तिचे स्वतःचे केस पांढरे व्हायला लागलेत.

स्कूटरच्या मागे बसून जग बरं दिसतं. झाडं वगैरे. इतकी वर्षं पुढे बसून नुसता सिग्नल पाहिला.

९ फेब्रुवारी, रविवार

निळं झाकण म्हणजे नुसतं तेल, याबद्दल आता मनात शंका नाही. काहीही होत नाही.

दुपारी स्वयंपाकघरात उभ्याने ब्रेड आणि जॅम खाल्ला. एक स्लाइस खायची होती. बायको आली तेव्हा पाकीट संपलं होतं आणि मी बरणीत चमचा घालून कडा साफ करत होतो. तिने विचारलं, इतकी भूक? मी म्हणालो, ब्रेड उद्यापर्यंत टिकला नसता. यात तथ्य आहे. पाकिटावर तारीख होती.

वेदना चार.

११ फेब्रुवारी

दुकानात विचित्र प्रकार. भिंतीवरची सगळी घड्याळं मागे पडली आहेत. एकूण सदतीस. सकाळी काम सुरू केलं, चांगला तासभर झाला, मान वर केली तर घड्याळात बावीस मिनिटं. दुसऱ्यात बावीस. तिसऱ्यात बावीस. एक घड्याळ बिघडतं हे मान्य. सदतीस एकदम बिघडावीत म्हणजे कारण सामायिक असलं पाहिजे. दमटपणा असेल.

शिडी लावून सगळी पुढे केली.

संध्याकाळी: शेजारची शिंपीण माझ्या घड्याळावर विसंबून लवकर बंद करून गेली आणि बसस्टॉपवर अर्धा तास उभी राहिली. उद्या सगळी मागे करणार. दमटपणा गेला असावा.

१२ फेब्रुवारी

परिणाम शून्य. आज कपातला चहा टेबलावर सांडला, कारण टेबल जिथे असतं तिथे नव्हतं. बायकोने सरकवलं असेल. एक महत्त्वाचा विचार सुचला, तो असा की

१२ फेब्रुवारी

परिणाम शून्य. आज कपातला चहा सांडला. टेबल सरकलं आहे. एक फार महत्त्वाचा विचार सुचला होता.

१४ फेब्रुवारी

एका शाळेच्या मुख्याध्यापिका गजराचं घड्याळ घेऊन आल्या. तक्रार अशी की गजर होतो तेव्हा त्या आधीच जाग्या असतात. तीन आठवडे रोज. त्यांचं म्हणणं, यात घड्याळाचा काय उपयोग? मी गंभीरपणे विचार केला. मग मला हसू आलं. मग ते थांबेना. काउंटरखाली बसून हसलो. बाई आधी रागावल्या, मग त्याही हसायला लागल्या. जाताना म्हणाल्या, तीस वर्षांत तुम्हाला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

माणूस दुकानात गंभीर असतो, याचा अर्थ त्याला विनोदबुद्धी नसते असा नाही. मला ती आहे. वेळ मिळत नव्हता.

१७ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळी

आज मोठी घटना. शांतपणे, क्रमाने लिहितो.

निवृत्त कप्तानांचं खिशातलं घड्याळ उघडलं होतं. चक्र मागे-पुढे, मागे-पुढे फिरत होतं. ते बघत बसलो. त्यात एक प्रकारचं प्रेम आहे. हे मी यापूर्वी कोणाला बोललो नव्हतो, घड्याळालाही नाही. मग स्क्रू काढला, खसखशीएवढा, आणि तो चिमट्यातून उडाला.

टेबलाखाली शिरलो. स्क्रू नाही. टेबलाखालून दुकान फार वेगळं दिसतं. माझ्या स्टुलाच्या खालच्या बाजूला वडिलांनी पेन्सिलीने काहीतरी आकडे लिहिले आहेत, ते पहिल्यांदा दिसले. स्क्रू मात्र नाही. तसला स्क्रू या रस्त्यावर आणखी एकाच माणसाकडे असणार.

धाकट्याकडे.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. त्याचं दुकान बरोबर समोर. सेल, पट्टे, मोबाईलची कव्हरं. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही वडिलांच्या दुकानात एकत्र होतो. मग एका गिऱ्हाइकासमोर मी म्हणालो, हा घड्याळजी नाही, बॅटरीवाला आहे. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या महिन्यात समोर पाटी लागली. तेव्हापासून नऊ वर्षं आम्ही एकमेकांचं शटर वर जाताना आणि खाली येताना पाहतो. बोलत नाही.

मी रस्ता ओलांडला. त्याने मान वर केली आणि मला पाहून हातातला मोबाईल खाली ठेवला. मी विचारलं, स्क्रू आहे का, कप्तानांच्या घड्याळाचा? त्याने काउंटरखालून पत्र्याचा डबा काढला. आत लहान लहान डब्या, प्रत्येकीवर वडिलांच्या पद्धतीने नंबर. बॅटरीवाल्याकडे हे सगळं कशाला, असं मला विचारायचं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, आठवतंय, बाबांना शिंक आली होती?

झालं. वडिलांनी एकदा एका बाईंचं मनगटी घड्याळ पूर्ण उलगडून कागदावर मांडलं होतं, आणि त्यावर शिंकले. सगळं हवेत. आम्ही दोघं भाऊ दोन दिवस जमीन झाडून तुकडे गोळा करत होतो. बाई आल्या की वडील गंभीरपणे म्हणायचे, काम नाजूक आहे. हे आठवून मी हसलो. धाकटा आधी नुसता बघत होता. मग तोही हसला, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन तास बसलो. त्याच्या घड्याळाप्रमाणे पस्तीस मिनिटं. त्याचीही घड्याळं मागे आहेत.

स्क्रू तिथेच विसरलो.

हे सगळं मी स्वतःच्या मोठ्या मनाने केलं. बाटलीत तेल आहे.

१८ फेब्रुवारी

धाकटा स्क्रू घेऊन आला. दुकानात पाय ठेवताना उंबऱ्यावर थांबला. मी म्हणालो, ये की. बायको सायंकाळी न्यायला आली तर आम्ही दोघं एकाच दिव्याखाली कप्तानांचं घड्याळ जुळवत होतो. ती दाराशी थांबून बघत राहिली. परत जाताना स्कूटर फार हळू चालवली.

वेदना दोन. रात्रभर झोप.

२१ फेब्रुवारी

थेंब पूर्ण डोसावर. परिणाम शून्य. दुपारी सहा उकडलेली अंडी.

२३ फेब्रुवारी, रविवार

धाकटा घरी जेवायला. मी एक प्रस्ताव मांडला. नऊ वर्षं दोन दुकानं, दोन शटरं, दोन पाट्या, हा मूर्खपणा आहे. माझं दुकान मोठं आहे. त्याच्या आतली आडोशाची फळी काढू. एक लांब काउंटर. एका टोकाला मी, एका टोकाला तो. जुनं माझ्याकडे, नवं त्याच्याकडे, मधे गिऱ्हाईक.

धाकटा बराच वेळ गप्प होता. (कदाचित बराच वेळ नसेल. हल्ली मला खात्री देता येत नाही.) मग म्हणाला,

"दादा, नक्की ना? मला जागेच्या मालकाला तीन महिने आधी सांगावं लागतं."

"उद्याच सांग," मी म्हणालो.

बायको स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. नंतर डोळे लाल. कांदा म्हणाली. कांदा घरात नव्हता.

माझ्यासारखा माणूस एकदा ठरवलं की मागे हटत नाही, हे इथे नमूद करून ठेवतो.

२ मार्च, रविवार

निळी बाटली संपली. हॉस्पिटलच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न: तुम्हाला काय मिळालं असं वाटतं, आणि किती खात्री? मी लिहिलं: नुसतं तेल. शंभर टक्के. नर्सने विचारलं, काका, नक्की शंभर? मी म्हणालो, जागा असती तर एकशे दहा लिहिले असते.

एक फॉर्म बायकोलाही असतो. घरच्या माणसाने भरायचा. ती हाताने झाकून भरते.

वेदना दोनवर आली ती माझ्या इच्छाशक्तीने. डॉक्टरला सांगणार होतो, पण त्याच्या चाचणीचं काय होईल, म्हणून गप्प बसलो.

९ मार्च, रविवार

सुट्टीचा आठवडा. थेंब नाहीत. आग परत. पाच, सहा. हवामान बदललं आहे. घड्याळं आपोआप सुधारली, दमटपणा गेला. ब्रेडचं पाकीट दोन दिवस तसंच आहे.

धाकट्याच्या दुकानात दिवसभर गाणी वाजतात. रस्ता ओलांडून इकडे येतात. फेब्रुवारीत ती वाजत नसावीत.

१७ मार्च, सोमवार

पांढऱ्या झाकणाची बाटली. चव तीच. पण थेंब जिभेखाली जाताच काहीतरी सरकलं. हे औषध आहे. अनुभवी माणसाला पहिल्या थेंबात कळतं.

संकल्प: औषधाच्या अमलात कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नाही. हा नियम डॉक्टरचा नाही, माझा आहे.

१९ मार्च

औषध चढतंय. विचार कमालीचे स्पष्ट. आज एका दृष्टिक्षेपात दिसलं की शिंपीण रोज कचऱ्याचा डबा माझ्या बाजूला दोन इंच सरकवते. इतक्या वर्षांत हे लक्षात आलं नव्हतं. तिला सांगितलं. तिने इंचपट्टी आणली. ती म्हणते एक इंच.

दुपारी गरगरलं. डॉक्टरने सांगितलेलं लक्षण. (सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पण ते वेगळं.)

वेदना सात. यावरून असं दिसतं की औषध आधी बुद्धीत शिरतं आणि मग खाली बरगड्यांपर्यंत उतरतं. वाट पाहू.

२२ मार्च

त्याच मुख्याध्यापिका पुन्हा आल्या. गजर होतो, पण आता त्यांना जागच येत नाही. मी सांगितलं, हा घड्याळाचा दोष नाही, डॉक्टरकडे जा. त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या, जणू काउंटरमागे कोणी दुसरा बसला आहे. घड्याळ उचलून निघून गेल्या.

औषधाने विनोदबुद्धी तात्पुरती दबते, अशी नोंद.

२६ मार्च

धाकटा टेप घेऊन आला. माझ्या दुकानात माझ्यासमोर मापं घेतली. काउंटरचं त्याचं टोक खिडकीकडे धरलं. म्हणाला, सेल बदलायला उजेड लागतो. मी तीस वर्षं भिंगातून काम करतोय, मला उजेड लागत नाही?

नऊ वर्षांनी आला आणि पहिल्या महिन्यात खिडकी घेतली. पांढऱ्या झाकणाने डोळे उघडले. तेल पीत होतो तेव्हा भोळा होतो.

२९ मार्च

बायकोने सुचवलं की बरगड्या दुखत असल्या की माणूस चिडतो. मी सांगितलं, मी चिडलेलो नाही, मला दिसायला लागलं आहे. ती म्हणाली, बरं. ती जेव्हा 'बरं' म्हणते तेव्हा तिला ते बरं वाटलेलं नसतं.

३० मार्च, रविवार

पत्र लिहिलं. मोठा निर्णय नाही, फक्त स्पष्टीकरण. अकरा मुद्दे. मुद्दा चार, गाणी. मुद्दा सहा, खिडकी. मुद्दा सात असा: 'गेल्या महिन्यात मी जे बोललो ते भावनेच्या भरात, कोणत्याही औषधाच्या अमलाशिवाय बोललो असलो, तरी ते पक्कं धरू नये.' मुद्दा अकरा: दोन धंद्यांची जात वेगळी, एक दुकान शक्य नाही, तुझी जागा सोडू नकोस. शेवटी लिहिलं की मन कधी नव्हे इतकं स्वच्छ आहे. खाली पूर्ण सही.

सकाळी लवकर जाऊन त्याच्या शटरखालून आत सरकवलं. वाकताना बरगड्यांत अशी कळ आली की तिथेच पायरीवर बसून राहिलो. बसलो असताना वाटलं, पत्राचं टोक बाहेर आहे, ओढून घेता येईल.

ओढलं नाही. औषधाचा परिणाम अंगभर होता.

३१ मार्च

समोरचं शटर वेळेवर वर गेलं. त्याने इकडे पाहिलं नाही. गाणी बंद.

मुद्दा चार त्याने मान्य केला, असं धरतो.

५ एप्रिल

ही दोघं काहीतरी शिजवतायत. दुपारी बायको समोरच्या दुकानात गेलेली दिसली. चौदा मिनिटं. (घड्याळं आता अचूक आहेत.) विचारलं तर म्हणाली, घड्याळाचा सेल बदलला. माझी बायको. सेल. समोर.

उगाच संशय येणं हे या औषधाचं माहीत असलेलं लक्षण आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी माझा संशय निम्मा करून घेतला. निम्मा केला तरी पुष्कळ उरतो.

१३ एप्रिल, रविवार

पांढरी बाटली संपली. फॉर्म: खरं औषध. शंभर टक्के. शेरा लिहायला जागा होती. लिहिलं, 'वेदनेवर उपयोग नाही. विचारांवर मात्र विलक्षण. लोकांना सांभाळून द्यावं.' नर्सने ते वाचून फॉर्म फाइलला लावला. रक्त घेतलं. याआधी निळ्याच्या शेवटीही घेतलं होतं.

कुठल्या बाटलीत काय ते सांगणारी पाकिटं सगळ्यांची चाचणी संपल्यावर फुटणार. जूनमध्ये.

४ मे

आग सहा. औषध उतरून तीन आठवडे झाले, पण विचार अजून तितकेच स्पष्ट आहेत. टिकाऊ परिणाम. डॉक्टरला कळवलं पाहिजे.

कप्तान दुकानात डोकावले, दुरुस्त केलेलं घड्याळ खिशात होतं. म्हणाले, सुरेख चालतंय, दोघांनी मिळून केलंत ना? मी म्हणालो, हो. मग दुसऱ्या कामाला लागलो.

१२ जून, गुरुवार, दुपारी

हॉस्पिटल. मी, बायको, डॉक्टर, नर्स. मी निघतानाच बायकोला सांगितलं होतं, निकाल आपल्याला माहीत आहे, केवळ शिष्टाचार म्हणून जायचं.

नर्सने पाकीट फोडलं. निळं झाकण: खरं औषध. पांढरं झाकण: तेल.

मी सांगितलं, चिठ्ठ्या उलट्या लागल्यात. डॉक्टरने रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. निळ्याच्या शेवटी रक्तात द्रव्य भरपूर. पांढऱ्याच्या शेवटी एक थेंबही नाही. मी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

मग डॉक्टरने शांतपणे सांगितलं की हे फार जणांचं होतं. किल्ली कुलपात फिरत असते तेव्हा माणसाला वाटतं, दार आपणच उघडलं. मी म्हणालो, आणि दुसऱ्या वेळी? तो म्हणाला, दुसऱ्या वेळी दार कोणीच उघडलं नव्हतं, काका. यालाही काका.

मी विचारलं की निळी बाटली पुढे चालू ठेवता येईल का. तो म्हणाला, चाचणी संपली, इतरांचे आकडे बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही, काहींना उपयोग झाला, काहींना चक्करच जास्त आली. मग जरा संकोचून म्हणाला की मिसेसनी परवाच फोन करून हेच विचारलं होतं.

बायको खिडकीबाहेर बघत होती.

१२ जून, संध्याकाळी

शांतपणे, क्रमाने लिहायचा प्रयत्न.

हसलेला मी नव्हतो. झाडं पाहिलेला मी नव्हतो. रस्ता ओलांडलेला, फळी काढू म्हणालेला, तो मी नव्हतो. कचऱ्याचा डबा मोजणारा मी. अकरा मुद्दे माझे. मन कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं, तेही माझंच.

डॉक्टर म्हणाला होता की मेंदू स्वतःच्या किल्ल्या स्वतः बनवतो. माझा या कामात आळशी असावा.

बायको चहा घेऊन आली. मी तिला म्हणालो, म्हणजे तो चांगला माणूस बाटलीतला होता. तिने कप ठेवला आणि म्हणाली,

"हसायला औषधाने लावलं असेल. पण रस्ता ओलांडून कुणाकडे जायचं, ते औषधाला काय माहीत?"

यावर उत्तर शोधतोय.  चहा गार झाला.

संकल्प: उद्या सकाळी धाकट्याकडे. चार मुद्दे. चारच. पाठ करायचे. हसतमुखाने सुरुवात.

१३ जून, शुक्रवार

गेलो. रस्ता तेवढाच आहे. फेब्रुवारीत तो अरुंद वाटला होता.

धाकट्याकडे गिऱ्हाईक होतं. मोबाईलचं कव्हर, गुलाबी की जांभळं. मी मागे उभा राहिलो. हसतमुख ठेवलं होतं ते गिऱ्हाइकाचं ठरेपर्यंत दुखायला लागलं. जांभळं. ती गेली. मुद्दे चारही विसरलो. आता हे कोणाच्या माथी मारायचं?

एवढंच म्हणालो की ते पत्र औषधाने लिहिलेलं नव्हतं. मीच लिहिलं होतं. औषध आधी होतं, स्क्रू मागायला आलो तेव्हा.

धाकटा पट्ट्यांचं पाकीट लावत होता. मान वर न करता म्हणाला,

"माहीत आहे. स्क्रू मागायला आलास ना, तेव्हा मी घाबरून वहिनीला फोन केला होता. म्हटलं, दादाच्या डोक्याला काही झालंय का? पत्र आलं तेव्हा जिवात जीव आला."

मी विचारलं, आणि जागेच्या मालकाला? त्याने सांगितलं, कळवलंच नाही. वहिनी म्हणाली होती, पाकीट फुटेपर्यंत थांबा, भावोजी, यांचं अजून कळलेलं नाही. एप्रिलमध्येही तेच म्हणाली, म्हणून पत्राला उत्तर दिलं नाही.

म्हणजे चार महिन्यांत मी दोन मोठे निर्णय घेतले, एक हसत आणि एक रागात, आणि दोन्ही कोणी जमेतच धरले नव्हते.

मी विचारलं, मग आता? फळी? धाकटा विचार करून म्हणाला की आधी महिनाभर रोज तासभर इथे येऊन बसायचं. असंच, थेंबांशिवाय. भांडायचं असेल तर भांडायचं. मग बघू. मी म्हणालो, रोज? तो म्हणाला, रोज. आणि बसायला स्टूल पुढे सरकवलं.

बसलो. बरगड्या जळत होत्या, सहा तरी. तो सेल बदलत होता. त्याचे हात अगदी वडिलांसारखे चालतात, हे मला पूर्वी माहीत होतं. आज त्याला तसं म्हणालो. त्याने ऐकलं नसावं, कारण त्याने सेल उलटा बसवला आणि परत काढला.

पूर्ण तास झाला. त्याच्या घड्याळातही तासच.

उद्या दहाला जायचं. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, सारखं डगमगतं. त्याबद्दल उद्या काही बोलायचं नाही, असं ठरवलं आहे.